कुत्र्यास खेळ शिकविण्याची रीत

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. पिल्लू असता हाक मारली की तो धावत येई. एके दिवशी त्याने अंगणात वाळत घातलेले पापड तुडविले. आम्ही हाक मारिली, तो शेपूट हालवीत आला, आणि आम्ही त्याच्या पाठीत काठी घातली. पापडांचा व माराचा संबंध त्यास कळला नाही. हाकेसरशी आल्याबद्दल मार बसला, एवढेच त्याच्या ध्यानी राहिले. पुढे हाक ऐकली की तो दूरच उभा राही. चूक आमची होती, आणि ती उमजावयास आम्हास फार दिवस लागले.

सन 1898 साली अमेरिकेतील थॉर्नडाइक नामक विद्वानाने भुकेली मांजरे पेटीत कोंडून त्यांचे निरीक्षण केले. प्रथम ती वाटेल तशी धडपडत. मग ज्या कृत्याने दार उघडून खाणे मिळे तेवढे टिकले, बाकीची गळून पडली. कुत्र्यांवरही त्याने असेच प्रयोग केले. कृत्याच्या पाठोपाठ काय मिळते, त्यावरून जनावर शिकते. वाचकहो, पाठोपाठ हा शब्द ध्यानात ठेवा. बक्षिसास थोडा उशीर झाला, तरी ते भलत्याच कृत्यास मिळते.

प्रथम 'बस' शिकवावे. उकडलेल्या अंड्याचा अथवा हाड काढलेल्या मांसाचा वाटाण्याएवढा तुकडा चिमटीत धरून कुत्र्याच्या नाकाशी न्यावा, व हळूहळू डोक्यावरून मागे सरकवावा. नाक वर जाते तसा मागला भाग खाली येतो. तो भुईस टेकताच 'शाबास' म्हणून तुकडा द्यावा. हात फार उंच धरिल्यास कुत्रा उडी मारितो. कंबर दाबून त्यास बळेच बसवू नये. पुढे रिकाम्या हाताने तीच खूण करावी, आणि ती समजली म्हणजे खुणेच्या अगोदर शब्द उच्चारावा. घरात एकाने 'बस', दुसऱ्याने 'खाली बस' व तिसऱ्याने 'सिट' म्हटले, तर बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे?

पंजा देणे ह्याहून गमतीचे आहे. तुकडा मुठीत लपवून भुईजवळ धरावा. कुत्रा हुंगेल, चाटेल. तोवर मूठ उघडू नये. शेवटी तो पंजाने खरवडतो, त्याच क्षणी उघडावी. पुढे मुठीऐवजी तळहात धरावा.

पाच मिनिटे झाली की पुरे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका व कांदा कुत्र्यास विषासारखे आहेत. ते कधीही देऊ नयेत. मागल्या दोन पायांवर उभे राहणे पिल्लास व म्हाताऱ्या कुत्र्यास शिकवू नये. मुले शिकवीत असता वडील माणसाने जवळ बसावे. कुत्रा तोंड फिरवू लागला, वारंवार ओठ चाटू लागला, तर खेळ थांबवावा. गुरगुरल्याबद्दल त्यास मुळीच मारू नये. ती त्याची सूचना असते, आणि ती माराने बंद पाडली तर पुढल्या वेळी तो सूचना न देताच मुलास चावण्याचा संभव असतो.

मोत्यासाठी आम्ही जुनी हाक सोडून दिली. रोज सायंकाळी ओट्यावर बसून 'ये रे' म्हणावयाचे व तुकडा पुढे टाकावयाचा. प्रथम तो चार हातांवर थांबे, आणि आम्ही उठलो की पळे. पावसाळा संपता संपता एकदा तो जवळ आला, बसला, आणि न मागता पंजा पुढे केला.