संकेतस्थळाच्या वापराचे विश्लेषण : आवश्यक कौशल्ये व साधने

शासन आणि नागरिक यांची गाठ पूर्वी प्रामुख्याने कचेरीच्या खिडकीवर पडत असे. आज सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा अनेक कामांसाठी नागरिक प्रथम संकेतस्थळाकडे वळतो. कधी स्वतःच्या मोबाइलवरून, तर कधी सेवा केंद्रातील संगणकावरून. खिडकीपुढची रांग वाढली तर ती डोळ्यांना दिसते. कागद अपुरे म्हणून परत गेलेला माणूस कारकुनाच्या लक्षात राहतो. संकेतस्थळावरून निराश होऊन परतलेला नागरिक मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. तथापि ही मुदत परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. जो अर्ज संगणकाच्या पडद्यावर मध्येच अडकला आणि दाखलच झाला नाही, त्याची मुदत सुरू होत नाही, विलंबही नोंदला जात नाही. अशा न दिसणाऱ्या नागरिकाचा माग घेण्यास संकेतस्थळाच्या वापराचे विश्लेषण, म्हणजेच वेब अ‍ॅनालिटिक्स, उपयोगी पडते. संकेतस्थळाच्या वापराविषयीची माहिती मोजणे, गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे व तिच्या आधारे संकेतस्थळ सुधारणे, असे या विद्येचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. यातील शेवटचा भाग महत्त्वाचा होय. ज्या मोजणीतून सुधारणा होत नाही ती केवळ नोंद ठरते.

आकडे कोठून येतात?

माहिती गोळा करण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली पद्धत सर्व्हरच्या नोंदींची. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते तो प्रत्येक मागणीची नोंद करतो : मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, केव्हा आली, कोणते पृष्ठ मागितले आणि ते देता आले की नाही. पृष्ठ सुरळीत दिले गेले तर २०० आणि मागितलेले पृष्ठ सापडले नाही तर ४०४ असा सांकेतिक क्रमांक तेथे उमटतो. एकाच पृष्ठासाठी ४०४ वारंवार दिसू लागला, तर कोठेतरी जुना दुवा छापला गेला आहे असे समजावे. एखाद्या परिपत्रकातील चुकीचा पत्ता अशा रीतीने उजेडात येतो.

दुसरी पद्धत टॅगची. प्रत्येक पृष्ठात जावास्क्रिप्टचा एक लहानसा मजकूर ठेवलेला असतो व पृष्ठ उघडताच तो नोंद पाठवतो. तोच संगणक पुन्हा आला हे ओळखण्यासाठी बहुधा कुकीचा उपयोग होतो. कुकीची कल्पना १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी प्रत्यक्षात आणली. अर्चिन या कंपनीचे विश्लेषणाचे साधन गूगलने २००५ साली विकत घेतले व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ते गूगल अ‍ॅनालिटिक्स या नावाने विनामूल्य उपलब्ध केले. तेव्हापासून या विद्येचा प्रसार झपाट्याने झाला.

संज्ञांचे नेमके अर्थ

या क्षेत्रात पदार्पण करणाऱ्याने प्रथम संज्ञा नीट समजून घ्याव्यात. पृष्ठदर्शन, भेट आणि वापरकर्ता या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एका नागरिकाने सकाळी पाच पृष्ठे व सायंकाळी तीन पृष्ठे पाहिली, तर पृष्ठदर्शने आठ, भेटी दोन आणि वापरकर्ता एक. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ३० मिनिटे काहीच हालचाल झाली नाही तर भेट संपली असे सामान्यतः धरले जाते. अर्ज अर्धवट ठेवून कागदपत्रे शोधण्यास गेलेला माणूस तासाभराने परतला, तर त्याची दुसरी भेट मोजली जाते.

‘वापरकर्ता’ ही संज्ञा तर विशेष जपून वापरावी. हे साधन माणूस ओळखत नाही. ते ब्राउझर ओळखते. सेवा केंद्रातील एकाच संगणकावरून दिवसभरात चाळीस शेतकऱ्यांची कामे झाली, तरी अहवालात वापरकर्ता एकच दिसू शकतो. उलट एकाच गृहस्थाने घरी मोबाइल व कचेरीत संगणक वापरला तर ते दोन होतात. शिवाय शोधयंत्रांचे व अन्य स्वयंचलित कार्यक्रम संकेतस्थळांवर सतत फिरत असतात. सर्व्हरच्या नोंदींत त्यांच्या मागण्याही जमा होतात आणि त्या वगळल्याशिवाय बेरीज विश्वसनीय ठरत नाही. म्हणून ‘आमच्या संकेतस्थळास इतक्या लाख नागरिकांनी भेट दिली’ असे विधान करण्यापूर्वी ते लाख नेमके कशाचे आहेत हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रश्न मांडण्याचे कौशल्य

या कामातील पहिले कौशल्य तांत्रिक नाही. आपणास काय जाणून घ्यावयाचे आहे आणि ते जाणल्यावर आपण कोणता निर्णय घेणार आहोत, हे आधी ठरवता आले पाहिजे. संकेतस्थळावर किती लोक आले हा प्रश्न सोपा, पण त्याच्या उत्तरातून कोणतीही कृती सुचत नाही. आलेल्यांपैकी किती जणांचे काम पूर्ण झाले, आणि ज्यांचे झाले नाही ते कोणत्या टप्प्यावर थांबले, हे प्रश्न कृतीकडे नेतात.

ब्रिटनमधील शासकीय डिजिटल सेवा या २०११ साली स्थापन झालेल्या विभागाने तेथील ऑनलाइन सेवांसाठी चार मापे निश्चित केली : एका व्यवहाराचा खर्च, वापरणाऱ्यांचे समाधान, काम पूर्ण होण्याचे प्रमाण आणि एकूण व्यवहारांपैकी ऑनलाइन होणाऱ्या व्यवहारांचे प्रमाण. भेटींची संख्या या चारांत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेच्या संघ शासनाने मार्च २०१५ मध्ये आपल्या संकेतस्थळांच्या वापराचे आकडे जनतेसाठी खुले केले. आकडे खुले झाले की प्रश्न विचारणारेही वाढतात, हा त्याचा लाभ होय.

एक उदाहरण

समजा, एका दाखल्याचा ऑनलाइन अर्ज महिनाभरात १,००० भेटींत उघडला गेला. त्यांपैकी ९०० भेटींत नाव व पत्ता भरला गेला, ८५० भेटींत उत्पन्नाचा तपशील भरला गेला, ४०० भेटींत कागदपत्रे जोडली गेली आणि ३८० भेटींत अर्ज दाखल झाला. दाखल झालेले ३८० अर्ज वेळेत निकाली निघाले तर मासिक अहवालात काम समाधानकारक दिसेल. परंतु टप्प्यांची उतरंड मांडताच कळते की, कागदपत्रे जोडण्याच्या एकाच टप्प्यावर ४५० अर्ज थांबले.

अडचण कोठे आहे हे आकड्यांनी सांगितले; ती का आहे हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी विश्लेषकाने खुर्ची सोडून सेवा केंद्रात जावे व चार-पाच नागरिक अर्ज भरत असताना शेजारी शांतपणे बसून पाहावे. कदाचित मोबाइलने काढलेले छायाचित्र विहित आकारापेक्षा मोठे असेल आणि ते नाकारल्याची सूचना इंग्रजीत येत असेल. सूचना मराठीत देणे व छायाचित्र आपोआप लहान करण्याची सोय ठेवणे, एवढ्या बदलाने प्रश्न सुटू शकेल. बदल केल्यानंतर पुढील महिन्यात तोच टप्पा पुन्हा मोजावा. मोजणी, निरीक्षण, बदल आणि फेरमोजणी असे हे चक्र आहे.

संकेतस्थळावरील शोधपेटीतही असेच धन दडलेले असते. नागरिक कोणते शब्द टंकलिखित करतात याची यादी पाहिल्यास त्यांची भाषा आणि कचेरीची भाषा यांतील अंतर कळते. पृष्ठाचे शीर्षक ‘अधिकार अभिलेख’ असेल आणि लोक ‘सातबारा’ शोधत असतील. कोणी देवनागरी अंकांत, कोणी इंग्रजी अंकांत, तर कोणी रोमन लिपीत. शोधूनही काही न सापडलेल्या शब्दांची यादी दरमहा पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

एकत्रित बेरजेतील फसगत

गणिताची फार मोठी तयारी नसली तरी चालेल. मात्र टक्केवारी व सरासरी यांची समज पक्की हवी. पुढील काल्पनिक आकडे पाहा. सुधारणेपूर्वी संगणकावरून ८०० भेटी झाल्या व त्यांपैकी ५२० भेटींत, म्हणजे ६५ टक्के, काम पूर्ण झाले. मोबाइलवरून २०० भेटी झाल्या व ८० भेटींत, म्हणजे ४० टक्के, काम पूर्ण झाले. एकूण प्रमाण ६० टक्के. सुधारणेनंतर संगणकावरील ३०० पैकी २१०, म्हणजे ७० टक्के, आणि मोबाइलवरील ७०० पैकी ३५०, म्हणजे ५० टक्के, कामे पूर्ण झाली. एकूण प्रमाण मात्र ५६ टक्के.

दोन्ही ठिकाणी प्रगती असूनही एकूण आकडा घसरला, कारण जेथे काम अवघड जाते त्या मोबाइलचा वाटा वाढला. संख्याशास्त्रात यास सिंप्सनचा विरोधाभास म्हणतात. केवळ एकूण आकडा पाहणारा अधिकारी चांगली सुधारणा रद्द करून बसेल. म्हणून प्रत्येक बेरीज फोडून पाहावी : उपकरणानुसार, भाषेनुसार आणि महिन्यानुसार.

साधनांची निवड

मोजणीसाठी गूगल अ‍ॅनालिटिक्स व माटोमो ही दोन साधने परिचित आहेत. माटोमो २००७ साली पिविक या नावाने सुरू झाले व २०१८ मध्ये त्याचे नाव बदलले. ते मुक्तस्रोत असून स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. त्यामुळे माहिती आपल्याच ताब्यात राहते. शोधयंत्रातून लोक कोणत्या शब्दांनी येतात हे गूगलच्या सर्च कन्सोलमधून कळते. नागरिक पृष्ठाच्या कोणत्या भागावर बोट अथवा माउस नेतात हे दाखवणारी साधनेही आहेत. सर्वांत उपयुक्त साधन मात्र साधे तक्तापत्रक होय. त्यावर हात बसल्यानंतर एसक्यूएल ही माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा शिकावी. पृष्ठाच्या रचनेतील एचटीएमएलची तोंडओळख असली म्हणजे टॅग योग्य जागी बसला आहे की नाही हे स्वतः पडताळता येते.

साधने बदलत राहतात. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या पूर्वीच्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती स्वीकारणे थांबवले आणि पुढील वर्षी जुने अहवाल पाहण्याची सोयही बंद झाली. ज्यांनी आकडे वेळीच उतरवून घेतले नाहीत त्यांची मागील वर्षांशी तुलना करण्याची वाट खुंटली. म्हणून मासिक गोषवारा आपल्या दप्तरी स्वतंत्रपणे जतन करावा.

या विषयावरील ग्रंथांचे लेखक अविनाश कौशिक यांनी २००६ च्या सुमारास एक नियम सुचवला : खर्चाच्या शंभर भागांपैकी दहा साधनांवर आणि नव्वद विश्लेषण करणाऱ्या माणसांवर खर्च करावेत. हे प्रमाण शब्दशः पाळता येईलच असे नाही. परंतु साधन घेतले आणि ते वाचणारा माणूस नेमला नाही, तर तो खर्च वाया जातो याविषयी दुमत असू नये.

नागरिकाची खाजगी माहिती

मोजणी आणि पाळत यांतील सीमारेषा विश्लेषकाने ओलांडता कामा नये. खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला व २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. व्यवहारात एक दक्षता अवश्य घ्यावी. आधार क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक अथवा नाव पृष्ठाच्या पत्त्यात उमटत असेल, तर तो पत्ता जसाच्या तसा विश्लेषणाच्या साधनाकडे जातो. अशी रचना तातडीने बदलून घ्यावी. ज्या माहितीवाचून निर्णय अडत नाही ती गोळाच करू नये.

आपापल्या पातळीवर

अधिकाऱ्यांनी मासिक बैठकीत भेटींच्या संख्येऐवजी काम पूर्ण होण्याचे प्रमाण मागावे. त्यापुढे दोनच प्रश्न ठेवावेत : सर्वाधिक लोक कोठे थांबले आणि गेल्या महिन्यातील बदलाने काय फरक पडला? ज्यांना हे काम प्रत्यक्ष शिकायचे आहे त्यांच्यासाठी गूगलने व माटोमोने नमुन्याची खाती उपलब्ध केली आहेत. त्यांवर सराव केल्याने चालू संकेतस्थळास धक्का लागत नाही. शिक्षकांना वरील उदाहरणांतील आकडे घेऊन शेकडेवारीचा पाठ जिवंत करता येईल.

ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती साधन नसेल, परंतु साधनास न दिसणारी माहिती त्यांच्यापाशी असते. सेवा केंद्रातून कोण, कोणत्या कामासाठी आले आणि कोणत्या कारणाने परत गेले, याची नोंद साध्या वहीत ठेवली तरी तिचे मोल मोठे आहे. ही वही आणि संकेतस्थळाचा अहवाल दरमहा शेजारी ठेवून वाचले, तर एकातील ‘कोठे’ आणि दुसऱ्यातील ‘का’ यांची सांगड बसेल. पडद्यावर अडकलेला अर्ज दाखल व्हावा आणि त्या नागरिकास त्याचा हक्क मिळावा, हेच या सर्व मोजणीचे प्रयोजन होय.