सागरी मार्गावरील छायाचित्रण : प्रवासाची आखणी

महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्याची लांबी परंपरेने सुमारे ७२० किलोमीटर मानली जाते. त्यातील रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर जातो. पुळणी, कातळाचे सडे, खाड्या, नारळी-पोफळीच्या बागा आणि जलदुर्ग यांमुळे छायाचित्रकारांना या मार्गाचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच आहे. मात्र घाईने केलेल्या प्रवासातून बहुधा एकसारखी सूर्यास्ताची चित्रेच हाती लागतात. या किनाऱ्याचे खरे रूप टिपावयाचे असेल तर अंतराच्या तक्त्यापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. कोणत्या गावी कोणत्या वेळी पोहोचावयाचे, हे येथे भरती-ओहोटी ठरविते.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरील मच्छीमारांचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता आणि पौर्णिमेला वा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते. ही वेळ दिवसा व रात्री अशी दोनदा येते आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. दोन भरतींमध्ये साधारणपणे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

हा हिशेब स्थूल असून त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. दक्षिणेकडील बंदरांत भरती मुंबईपेक्षा काहीशी आधी येते आणि पाण्याच्या पातळीतील चढउतारही कमी असतो. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरहून अधिक होतो, तर सिंधुदुर्गाकडे तो बराच घटतो. म्हणून आखणी तिथीवरून करावी, परंतु प्रत्यक्ष वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यांवरून निश्चित करावी.

छायाचित्रणाच्या दृष्टीने या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास भरती मध्यान्हीच्या सुमारास येते, म्हणजेच ओहोटी पहाटे व सायंकाळी लागते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर मागे सरते. ओली पुळण आरशासारखी चकाकते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट स्थिती असते. भरती सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी येते, परंतु ते भांगाचे दिवस असल्यामुळे तिला फारसा जोर नसतो. एकच पुळण आठ दिवसांच्या अंतराने दोन वेगळी स्थळे वाटावीत, इतका हा फरक असतो.

प्रकाशाची दिशा

हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे सूर्य वर्षभर समुद्रात मावळतो; मात्र त्याचे मावळण्याचे स्थान बदलते. कोकणाच्या अक्षांशावर जूनमध्ये ते ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस, तर डिसेंबरमध्ये तितकेच दक्षिणेस असते. एखाद्या जलदुर्गामागे सूर्य मावळताना टिपावयाचा असेल तर उभे राहण्याची जागा ऋतूनुसार बदलावी लागते. सकाळी सूर्य सह्याद्रीमागून वर येतो आणि समुद्राकडील कडे सावलीत राहतात. म्हणून सकाळचा वेळ खाड्या, बंदरे, पाखाड्या व बागा यांच्यासाठी ठेवावा आणि कडे व पुळणी यांच्यासाठी दुपारनंतरचा.

ऋतूंपैकी ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोयीचा होय. पावसाळ्यात सडे हिरवे व फुलांनी भरलेले असतात, परंतु समुद्र खवळलेला असतो आणि जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद राहतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असल्याने बंदरावरील नेहमीची वर्दळही त्या वेळी दिसत नाही.

तेरा दिवसांचा आराखडा

शुद्ध त्रयोदशीस निघून वद्य दशमी-एकादशीच्या सुमारास पोहोचावे, अशा बेताने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे सोयीचे पडते. रोजची मजल पन्नास-साठ किलोमीटरांपेक्षा फारशी वाढू देऊ नये.

पहिले तीन दिवस कोर्लई, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर यांना द्यावेत. त्रयोदशीस दुपारी चारच्या सुमारास लागणारी ओहोटी पौर्णिमेपर्यंत सूर्यास्ताच्या जवळ येते. हरिहरेश्वरचा लाटांनी कोरलेला खडकाळ प्रदक्षिणामार्ग याच वेळी पाहावा. भरती सुरू झाल्यावर तेथे थांबणे जिवावर बेतू शकते. ग्रामस्थांनी व सुरक्षारक्षकांनी दिलेली सूचना या ठिकाणी अंतिम मानावी.

वद्य प्रतिपदेस बागमांडला येथून फेरीबोटीने, म्हणजे स्थानिकांच्या ‘जंगलजेटी’ने, वेसवीस उतरून बाणकोट, वेळास व केळशीमार्गे आंजर्ले-हर्णै गाठावे. द्वितीयेस ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास असते. हर्णैच्या पुळणीवरून सुवर्णदुर्ग टिपण्यास ही वेळ चांगली, कारण पूर्वेकडून येणारा प्रकाश दुर्गाच्या तटावर समोरून पडतो. तृतीयेस दाभोळहून धोपाव्यास जावे. फेरीबोटीने काही मिनिटांत होणाऱ्या या प्रवासासाठी खाडीला वळसा घातल्यास काही तास मोडतात. फेरीच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात.

चतुर्थी-पंचमीस गुहागर, वेळणेश्वर व हेदवी ही स्थळे घ्यावीत. हेदवीची बामणघळ ही खडकातील अरुंद भेग असून भरतीच्या वेळी तिच्यात शिरलेले पाणी उंच उसळते. या तिथींस भरती दुपारी तीन ते पावणेचारच्या दरम्यान येते आणि उतरते ऊन पश्चिमेकडून मिळते. षष्ठीस तवसाळहून जयगडला फेरीबोटीने उतरावे.

सप्तमी-अष्टमीस भरतीचा जोर कमी असतो. हे दिवस रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवरील कातळशिल्पांसाठी राखावेत. उक्षी, कशेळी, बारसू इत्यादी स्थळांची कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली. ही शिल्पे जांभ्या दगडात उथळ कोरलेली असल्याने माध्यान्हीच्या उन्हात जवळजवळ दिसेनाशी होतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना तिरप्या प्रकाशात त्यांच्या रेषांना सावली मिळते. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू वा रंग भरू नये. शिल्पावर पायही ठेवू नये.

शेवटच्या टप्प्यात विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, देवबाग, वेंगुर्ले व शिरोडा करून रेडी गाठावी. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे चारही दुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाचे घटक आहेत. संरक्षित स्मारकात तिकाठी लावण्यापूर्वी आणि कोठेही ड्रोन उडविण्यापूर्वी आवश्यक त्या परवानग्या घेणे बंधनकारक समजावे.

साहित्य व दक्षता

स्थिर तिकाठी, ध्रुवण फिल्टर, भिंगे पुसण्यासाठी मऊ कापड आणि दमट हवेपासून संरक्षणासाठी सिलिका जेलच्या पुड्या इतके साहित्य पुरेसे असते. खाऱ्या तुषारांमुळे धातूचे भाग गंजतात, म्हणून रोज रात्री तिकाठी गोड्या पाण्याने पुसून घ्यावी. हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून उंच लाटांचे इशारे दिले जातात. ते रोज पाहावेत. पुळणीवर वाहन नेऊ नये. वेळाससारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. तेथे पिल्लांवर प्रकाशझोत टाकू नये. मासळीबाजारात वा कोणाच्या अंगणात छायाचित्र घेण्यापूर्वी संबंधितांची संमती घ्यावी.

छायाचित्र नव्हे, नोंद

या खटाटोपाचे मोल केवळ सुंदर चित्रांपुरते नाही. किनारा बदलतो आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून टाकल्या. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील देवबागच्या चिंचोळ्या पट्टीस धूप सतावीत आहे. सागरी मार्गावरील मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. पूल वाहतुकीस खुले होतील तेव्हा दळणवळण सुकर होईल, मात्र जंगलजेटीभोवतीचे आजचे दृश्य तसेच राहणार नाही. पूर्वी हा किनारा कसा होता, असा प्रश्न एखाद्या ग्रामसभेत निघतो तेव्हा उत्तरादाखल बहुधा केवळ आठवणीच पुढे येतात.

येथे भरतीच्या नोंदीचे दुसरे महत्त्व ध्यानी येते. ओहोटीच्या वेळी घेतलेले जुने चित्र आणि भरतीच्या वेळी घेतलेले नवे चित्र शेजारी ठेवल्यास धूप झालेली नसतानाही ती झाल्याचा भास होतो. उलट क्रमाने ठेवल्यास खरी धूपही झाकली जाते. तुलना ग्राह्य ठरण्यासाठी दोन्ही चित्रे एकाच जागेवरून, एकाच दिशेने आणि भरतीच्या सारख्याच स्थितीत घेतलेली असली पाहिजेत.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायती व शाळांना हे काम अल्प खर्चात करता येण्यासारखे आहे. देवळाची पायरी, बंदराचा धक्का किंवा दीपगृहाचा कठडा अशी न हलणारी तीन-चार ठिकाणे निश्चित करावीत. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, पौर्णिमेच्या सायंकाळच्या ओहोटीस तेथून छायाचित्र घ्यावे. प्रत्येक चित्रासोबत दिनांक, तिथी, वेळ, दिशा आणि पाण्याची स्थिती लिहून ठेवावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक समित्यांनी तयार करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीस अशी चित्रे पूरक ठरतील. विद्यार्थ्यांनाही यातून तिथी, दिशा, भूगोल व गणित यांचा प्रत्यक्ष पाठ मिळेल.

दूरवरून आलेल्या छायाचित्रकारानेही गाव सोडण्यापूर्वी आपल्या चित्रांची एक प्रत, तपशिलासह, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवावी. त्याच्या दृष्टीने तो तेरा दिवसांच्या प्रवासातील एका सायंकाळचा क्षण असेल. गावाच्या दप्तरी मात्र तो आपल्या किनाऱ्याचा दिनांकित पुरावा म्हणून राहील.