एक समाधी, दोन कविता



सहामाही परीक्षेत 'दोन कवितांची तुलना करा' असा प्रश्न होता. बहुतेकांनी लिहिले, 'दोन्ही कविता देशभक्तीपर आहेत. दोन्ही मला आवडतात.' यात चूक काही नाही, पण ही तुलना नव्हे. म्हणून या अंकात आपण एक तुलना मिळून करून पाहू.

आपल्या ग्वाल्हेरच्या फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. या समाधीवर ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांनी मराठीत कविता लिहिली, सुभद्राकुमारी चौहान यांनी हिंदीत. सुभद्राकुमारींची 'झाँसी की रानी' सर्वांना ठाऊक असते. आपण घेत आहोत ती त्यांची दुसरी, 'झाँसी की रानी की समाधि पर'. विषय एक, स्थळ एक. मग फरक कुठे? चार प्रश्न विचारू.

१. कवी कोणाशी बोलतो? तांबे येणाऱ्या देशबांधवाला हाक मारून थांबवतात आणि त्याच्याकडे अश्रू मागतात. सुभद्राकुमारी कोणाला थांबवत नाहीत. समाधीत काय आहे ते शांतपणे दाखवतात.

२. डोळ्यांपुढे काय येते? तांब्यांच्या कवितेत घोडा, तलवार, वीज. शब्दांतूनच लढाईचा आवाज ऐकू येतो. सुभद्राकुमारींकडे राख, तुटलेली विजयमाला आणि फुले. हिंदीत 'फूल' म्हणजे अस्थीसुद्धा, हे लक्षात घ्या. एका शब्दात दोन अर्थ आहेत.

३. अग्नीचे काय होते? तांब्यांची ज्योत या जागी मावळते. सुभद्राकुमारींना राखेत स्वातंत्र्याच्या आशेची ठिणगी दिसते. म्हणून त्यांना ही समाधी राणीपेक्षाही प्रिय वाटते. खरा फरक इथे आहे.

४. शेवटी विश्वास कशावर? तांबे म्हणतात, येथे शाहीर जमतील, दगडांनाही जिभा फुटतील. सुभद्राकुमारी कवींच्या वाणीवर आणि बुंदेल्या हरबोल्यांच्या गाण्यावर भिस्त ठेवतात. इथे दोन्ही कविता एक होतात: सांगणारा असेल तोवर राणी आहे.

उत्तर लिहिताना आधी साम्य, मग फरक लिहा. प्रत्येक विधानाला कवितेतला एखादा शब्द साक्षीला द्या. 'छान आहे' हे सर्वांत शेवटी.

आता पालकांशी दोन शब्द. मराठीचा तास कमी करून गणिताला द्यावा का, अशी विचारणा काही पालकांकडून होते. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. सुभद्राकुमारी आम्हाला शाळेतच भेटल्या. तांब्यांची ही कविता मात्र नोकरीला लागल्यावर हाती आली. समाधीवरून आम्ही किती वेळा गेलो असू, पण अर्धेच ऐकत होतो. आपल्या मुलांना दोन्ही भाषा घरबसल्या मिळतात. त्यातली एक आपणच काढून घेऊ नये, अशी विनंती आहे. गणिताला वेळ हवाच, तो दुसरीकडून काढू.

मुलांनो, गृहपाठ असा: येत्या रविवारी आई-बाबांना, जमल्यास आजी-आजोबांनाही, घेऊन फुलबागेत जा. दोन्ही कविता समाधीपाशी मोठ्याने वाचा. कोणती अधिक भावली आणि का, ते दहा ओळींत लिहून सोमवारी वर्गात आणा. 'का' शिवाय गुण मिळणार नाहीत!