समुद्रतळींचे चित्रपट

पाण्याखालील चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न असा करितो कीं, चित्र घेणाऱ्या मनुष्यानें तेथें श्वास कसा घेतला? दुसरा प्रश्न फारच थोडे जण करितात: तेथें जाऊन त्या मनुष्यानें केलें काय? आम्हांस हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. परंतु पहिल्याचें उत्तर दिल्यावांचून त्याकडे वळतां येत नाहीं.

प्रारंभीं चित्र घेणारा पाण्यांत उतरतच नसे. अमेरिकेंत राहणारे जॉन अर्नेस्ट विल्यमसन ह्यांच्या वडिलांनीं बुडालेल्या जहाजांच्या कामासाठीं एक लांब लवचीक नळी तयार केली होती. चिरंजीवांनीं तिच्या तळाशीं जाड कांचेची खिडकी असलेली कोठडी जोडली, आणि १९१४ सालीं बहामा बेटांजवळ ती पाण्यांत सोडून, आंत कोरडे बसून चित्रें घेतलीं. जूल व्हर्न ह्यांच्या प्रसिद्ध कादंबरीवरील १९१६ सालचा मूकपट ह्याच साधनानें तयार झाला.

मनुष्य माशाप्रमाणें मोकळा पोहूं लागला तो १९४३ नंतर. त्या वर्षीं फ्रेंच नौदलाचे अधिकारी जाक कुस्तो व अभियंते एमिल गान्याँ ह्यांनीं पाठीवर वाहावयाचें श्वसनयंत्र सिद्ध केलें. टाकींत हवा कोंबून भरलेली असते; झडप ती श्वास ओढतांच, आणि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें देते. दर १० मीटरांस हा दाब एका वातावरणानें वाढतो. म्हणूनच वर येतांना श्वास रोखून धरणें प्राणघातक होय. ज्यांनीं बॉइलचा नियम नुसता पाठ केला आहे, त्यांनीं ह्याचें कारण स्वतः शोधून काढावें. प्रकाशाचीहि अशीच अडचण. तांबडा रंग पाणी प्रथम शोषून घेतें. त्यामुळें खोल पाण्यांत तांबडीं पोवळीं करडीं दिसतात, व प्रखर दिवे नेले तरच त्यांचा खरा रंग उमटतो.

ह्या सर्व साधनांचें वैभव कुस्तो व लुई माल ह्यांच्या १९५६ सालच्या 'निःशब्द जग' ह्या रंगीत चित्रपटांत दिसतें. त्यास कान येथील महोत्सवाचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. हातांत जळत्या मशाली घेऊन खोल उतरणारे पाणबुडे एकदां पाहिले म्हणजे विसरत नाहींत. पण त्याच चित्रपटांत आणखी एक प्रसंग आहे. कुस्तोंच्या जहाजाच्या पंख्यानें देवमाशाचें एक पिल्लूं जबर जखमी होतें. त्याच्या यातना संपविण्यासाठीं त्यास मारितात. रक्ताच्या वासानें शार्क जमून त्यावर तुटून पडतात. तेव्हां खलाशी संतापून त्यांस आंकड्यांनीं वर ओढतात व कुऱ्हाडींनीं ठार करितात. आम्ही विचारतों, शार्कांचा अपराध कोणता? पिल्लास जखम त्यांनीं केली नव्हती, जहाजानें केली होती. पुढें हेच कुस्तो समुद्ररक्षणाचे मोठे कैवारी झाले, हें न्यायानें सांगितलें पाहिजे; आणि तो प्रसंग त्यांनीं कापून टाकिला नाहीं, हेंहि.

शार्कास वैरी ठरविण्याची ही खोड जुनीच. विल्यमसन ह्यांनींहि १९१४ सालीं मेल्या घोड्याचें आमिष लावून शार्क बोलाविले व एकास स्वतः सुरीनें मारिलें. १९७५ सालच्या 'जॉज' ह्या चित्रपटानें तर जगभर धाक बसविला. त्यांतील जिवंत शार्कांचीं दृश्यें ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस घेतलीं. मासा प्रचंड दिसावा म्हणून पिंजरा लहान केला व आंत बुटका मनुष्य ठेविला! मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली ह्यांस पुढें पश्चात्ताप झाला, व त्यांनीं शार्कांच्या रक्षणासाठीं उर्वरित आयुष्यांत पुष्कळ झटून काम केलें. कोंकणांत ज्यांच्या घरीं मुशी रांधली जाते, त्या मुलांस ही भीति ऐकून हसूं येईल.

आतां २०२० सालचा 'माझा गुरु ऑक्टोपस' हा चित्रपट पाहा. दक्षिण आफ्रिकेंत केप टाउनजवळ क्रेग फॉस्टर हे पाठीवर टाकी न घेतां, केवळ श्वास रोखून, समुद्रवनस्पतींच्या रानांत रोज बुडी मारीत व एका ऑक्टोपसास भेटत. एके दिवशीं लहानशा शार्कानें तिची एक भुजा तोडून नेली. फॉस्टर जवळच होते. त्यांनीं हात उचलला नाहीं. कोणी ह्यास निष्ठुरपणा म्हणेल. आमच्या घरींहि ह्यावर कडाक्याचा वाद झाला, व आमच्या मुलीनें त्या दिवशीं आमच्याशीं अबोला धरिला. परंतु शार्कासहि पोट आहे. ऑक्टोपस फिकी पडून बिळांत पडून राहिली. आणि कांहीं आठवड्यांनीं तुटल्या जागीं फुटलेली इवलीशी नवी भुजा त्याच कॅमेऱ्यानें टिपली आहे.