बवाजाचे शेत
शास्त्रपाठ : रूथ २:१-१६, २२

हा अध्याय आपण बहुधा बवाजाच्या औदार्यासाठी वाचतो. या वेळी तो एका मालकाची वर्तणूक म्हणून वाचावा. रूथ परदेशी, विधवा, पोटासाठी परक्याच्या शेतात सरवा वेचणारी. तिने कसलीही तक्रार केलेली नव्हती. तरीही बवाजाने आपल्या गड्यांना आधीच ताकीद दिली की, तिला कोणी हात लावू नये. दुसऱ्या शेतात तसा धोका होता, हे नामीच्या बोलण्यावरून (वचन २२) दिसतेच. कापणीच्या दिवसांत काय घडते हे सर्वांस ठाऊक होते. या मालकाने ठाऊक नसल्याचे सोंग केले नाही, इतकेच.

आपल्या देशाचा कायदाही हीच जबाबदारी मालकावर टाकतो. राजस्थानात १९९२ साली बालविवाहाविरुद्ध काम करणाऱ्या एका ग्रामसेविकेवर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतरच्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ निर्णय दिला आणि २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य संस्थेबाहेरील. लहान ठिकाणांसाठी व घरकाम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मिशनची शाळा किंवा रुग्णालय यांस अपवाद नाही.

आपले दुखणे येथेच आहे. एखादी परिचारिका तोंड उघडते, तेव्हा वडीलमंडळी सांगतात, “क्षमा कर, बंधूला न्यायासनापुढे नेऊ नकोस.” आधार १ करिंथ ६ चा! परंतु तेथे पौल आपसांतील देण्याघेण्याच्या वादांविषयी बोलतो असे दिसते. स्वतःवर फटके पडण्याची वेळ आली तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले (प्रेषितांची कृत्ये २२:२५). शिवाय ‘थोडे थांब’ हा सल्ला महाग पडतो. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिणे जमत नसेल तर समितीने साहाय्य करावयाचे असते. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी लागते. तोवर लेखी विनंतीवरून बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. तक्रार करणारीचे नाव गुप्त राहिले पाहिजे. प्रार्थनेची विनंती म्हणूनही ते सभेत उच्चारू नये.

समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे. आपण संस्थेच्या व्यवस्थापनात असाल, तर सोमवारी कार्यालयात शिरताना फलकावर तो आहे का, पाहा.