मानेची दुखापत व शेजाऱ्याचा धर्म

पाठ : लूक १०:२५-३७

ताम्हिणी घाटाच्या रस्त्यावर मोटार उलटली की आपण दयेने धावतो व जखमी मनुष्यास ओढून बाहेर काढितो. शोमरोन्याने जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले हे खरे. परंतु मानेचा मणका मोडला असता घाईने उचलल्यास मज्जारज्जूस इजा होऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. मान दुखणे, हातापायांस मुंग्या येणे, त्यांत बळ नसणे, ही चिन्हे ओळखावी. आगीचे भय नसून श्वास चालू असेल, तर त्यास हलवू नये. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, पाणी पाजू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साहाय्यकर्त्यास २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून आम्ही विनवितो, याजक व लेवी ह्यांसारखे बाजूने जाऊ नका. त्याजपाशी थांबणे हीही दयाच होय.