टाकी कलती करावी की उतरवावी?

प्रश्न : माझ्याकडे एक्सपल्स 200 (एफआय) आहे. टॅपेट तपासताना पेट्रोलचा पाइप न काढता टाकी नुसती कलती केली तर चालेल का?
– एक वाचक, निर्णा (जि. बिदर)

उत्तर : टाकी पूर्ण उतरवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकी मागून उचलून खाली लाकडी ठोकळा लावला तरी भागते. एफआय गाडीत मात्र पंप टाकीतच असतो आणि इंजिन बंद केल्यावरही पाइपात दाब राहतो. शिवाय 13 लिटरची टाकी भरलेली असेल, तर नुसत्या पेट्रोलचेच वजन साडेनऊ किलोंच्या घरात जाते. तो भार पाइपाच्या जोडावर लटकला, तर क्लिप तडकून पेट्रोल गळू शकते.

पाइप काढताना पेट्रोल उडेल, ही भीती रास्त आहे. त्यासाठी पंपाचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे दाब उतरतो. मग ते रात्रभर निवू द्या. टॅपेटचे माप थंड इंजिनावरच घ्यायचे असते. पाइप सोडवताना जोडाला फडके गुंडाळा. टाकी कलती ठेवून दहा मिनिटे वाचतात खरी, पण अडचणीत फीलर गेज तिरका शिरतो आणि माप चुकते. इंजिन हाताने सहज फिरावे म्हणून प्लग काढाल, तर तो खोलण्याआधी भोवती साचलेली तुमच्या भागातली लाल धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडेल.